नोंद सापडली

पणजी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

चवथीला गणपतीच्या वरची फळा-भाज्यांची माटोळी बांधताना बाबांवर ओरडलो, त्याबद्दल लिहितोय. फोनवर दोनदा विषय काढायला गेलो, दोन्ही वेळा नारळाच्या भावावर घसरलो.

स्टुलावरून पडाल म्हणून ओरडलो, असं तेव्हा म्हणालो. इथे परतल्यावर स्वतःलाही तेच ऐकवत होतो. काळजीपोटी आलेला राग! सांगायला बरा दिसतो.

बाबा, दुकानाचा रोजमेळ जुळला नाही की तुम्ही म्हणायचा, "कारणं नकोत, नोंदी बघ." चोडणच्या फेरीबोटीत रोज दहा मिनिटं हाताशी असतात, तिथे नोंदी मागे मागे बघत गेलो. ओरडलो, त्याच्या जरा आधी शेजारची काकी दारात आली होती. आई तिला म्हणाली, "चवथीपुरता आलाय, परवा जाईल." त्याच्याही आधी केवणीचा दोर सुटून माटोळीतली कांगलाची फळं जमिनीवर घरंगळली होती. स्टूल तेव्हाही डुगडुगत होतं आणि मी सोप्यावर बसून हसत होतो. म्हणजे पडण्याची भीती नव्हतीच. आईचं ते वाक्य लागलं होतं. खरं होतं म्हणून लागलं, आणि आईला काही बोलता येईना म्हणून स्टुलावरचे बाबा सापडले.

निस्बेट आणि विल्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा 1977 सालचा एक लेख आहे. त्यांनी दुकानात बायकांच्या पायमोज्यांचे चार अगदी एकसारखे जोड ओळीने मांडून चांगला कुठला ते विचारलं. सगळ्यात जास्त पसंती उजव्या टोकाच्या जोडाला. का, तर वीण चांगली, पोत चांगला! जागेमुळे निवडला, असं आपण होऊन कुणीच म्हणालं नाही. विचारल्यावरही लोक नाहीच म्हणाले. वाचताना मला माझी 'काळजी' आठवली.

आई, तू म्हणशील, किती तो विचार करतोस. रात्री अंथरुणात नाही करत. तिथे नोंदी सापडत नाहीत, नुसतं उगाळणं होतं. फेरी धक्क्याला लागली की मीही विषय सोडतो.

बाबा, चुकलो.

शनिवारी येतोय, सण नसला तरी. स्टुलाचा तो पाय मी बसवीन, तोवर त्यावर चढू नका. हे मात्र खरंच काळजीने लिहितोय, दोनदा तपासून.

तुमचा,
बाबू