कांद्याने पाडले, नाव मालेगावचे

धुळे, 14 नोव्हेंबर 2024

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी सकाळी विधानसभेच्या प्रचाराची एक टोळी आमच्या गल्लीत आली. गळ्यात उपरणी, हातात चिठ्ठ्यांचे गठ्ठे. पुढे जो पोरगा होता तो माझा विद्यार्थी निघाला. सातवीत त्याला मी त्रैराशिक शिकवले होते. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, ‘‘बाई, यंदा मत धर्मासाठी द्यायचं.’’ मी विचारले, ‘‘देते की. पण नळाला पाणी आठव्या दिवशी येतं, त्याचं तुझा उमेदवार काय करणार?’’ तो हसला. ‘‘बाई, तुम्ही अजून पाण्यातच! लोकसभेला मालेगाववाल्यांनी काय केलं, पाहिलं ना?’’

चिठ्ठी ठेवून तो गेला. त्याला दारात जे सांगता आले नाही, ते या पत्रात सांगते. मी छत्तीस वर्षे गणित शिकवले आहे. समोर चुकीचे उत्तर दिसले की हात लाल पेनाकडे जातो. (लाल रंगाचेही हल्ली जपून बोलावे लागते. राज्यघटनेच्या प्रतीचे वेष्टन लाल का, यावरही या निवडणुकीत भाषणे झाली.)

तर मालेगावचे गणित. धुळे लोकसभेत विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: धुळे शहर, धुळे ग्रामीण, शिंदखेडा, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण. यंदा भाजपचे डॉ. सुभाष भामरे पाच ठिकाणी मिळून सुमारे एक लाख नव्वद हजार मतांनी पुढे होते. एकट्या मुस्लिमबहुल मालेगाव मध्यने काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना त्याहून थोडी जास्त आघाडी दिली आणि भामरे 3,831 मतांनी पडले. याला उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस ‘व्होट जिहाद’ म्हणतात आणि त्याला उत्तर म्हणून मतांचे ‘धर्मयुद्ध’ करा, असे सांगतात.

आकडे खरे आहेत. पण गणित अर्धेच मांडले आहे. 2019 साली हेच भामरे सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी जिंकले होते. तेव्हा काय मालेगाव मध्यने त्यांना मते दिली होती? मुळीच नाही. तिथे तेव्हाही काँग्रेस लाखाहून जास्त मतांनी पुढे होती. म्हणजे बाकीच्या पाच मतदारसंघांतली त्यांची आघाडी 2019 ला सव्वातीन लाखांच्या वर होती आणि यंदा ती दोन लाखांच्या आत आली. सव्वा लाखाहून जास्त मतांची ही घट मालेगाव मध्यची नाही, ती बागलाणची, शिंदखेड्याची, धुळे ग्रामीणची आहे. ज्यांच्या घरात देव्हारा आहे आणि चाळीत कांदा आहे, त्यांची आहे.

कांद्याचे काय झाले ते आमच्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली. एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याचे 2,000 टन बाहेर पाठवायला परवानगी मिळाली, आमचा लाल आणि उन्हाळी तसाच पडून. बंदी उठली 4 मे ला, तीही 40 टक्के निर्यातशुल्क डोक्यावर ठेवून. मतदान होते 20 मे ला. कांद्याने फटका दिला, असे निकालानंतर मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीच कबूल केले होते. तीच निवडणूक, तोच पराभव. मुख्यमंत्र्यांना त्यात कांदा दिसला आणि उपमुख्यमंत्र्यांना जिहाद.

माझी चीड इथेच आहे. सत्तेतली माणसे परंपरावादी आहेत, याचा मला राग नाही. माझे वडील जनसंघाचे होते, पणतीवर शिक्का मारणारे. गोवधबंदी, समान नागरी कायदा, काश्मीर, कशावरच आमचे पटले नाही. जेवताना वाद सुरू झाला की आई ताटे उचलून आत नेई. पण वडिलांनी मला कधी देशद्रोही म्हटले नाही आणि शेजारच्या बोहरी कुटुंबाची मते मोजत ते कधी बसले नाहीत. स्वतःच्या बाजूची चूक दाखवली की गप्प होत आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी वाचून येत. आजच्या पुढाऱ्यांकडे तेवढीही तयारी नाही. मी प्रश्न विचारला की ‘फुरोगामी’ (पुरोगामीची टिंगल), माझी भाची विचारते तेव्हा ‘शहरी नक्षल’ आणि मालेगावचा विणकर न विचारता मत देतो, तर तो ‘जिहाद’. एखादी जात एकगठ्ठा त्यांच्याकडे गेली की मात्र ‘समाज जागा झाला’.

पंतप्रधानांनी ‘एक है तो सेफ है’ ही घोषणा 8 तारखेला आमच्याच धुळ्यातल्या सभेत दिली. त्याआधीपासून योगी आदित्यनाथ यांचे ‘बटेंगे तो कटेंगे’ राज्यात फिरते आहे. मग वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर जाहिराती आल्या, त्यात तऱ्हेतऱ्हेच्या पगड्या, फेटे आणि टोप्या. कोणती टोपी नाही, ते वाचकांनी पाहिले असेलच. ‘कटेंगे’ हे महाराष्ट्रात चालणार नाही, असे म्हणायला अखेर अजित पवार आणि पंकजा मुंडे पुढे आले. त्यांचे मनापासून आभार. पण दोघेही मते मागत आहेत त्याच युतीसाठी. सकाळी घोषणा नाकारायची आणि संध्याकाळी तिच्याच व्यासपीठावर बसायचे, याला काय म्हणावे? आमच्या शाळेत अशा मुलाला आम्ही दोन्ही बाकांवरून उठवत असू.

‘कटेंगे’ हा शब्द ऐकला की मला राईनपाडा आठवतो. साक्री तालुक्यातले ते गाव. नोकरीची पहिली नऊ वर्षे मी त्या पट्ट्यात काढली. 1 जुलै 2018, आठवडेबाजाराचा रविवार. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून गावोगाव पोहोचली होती. भिक्षा मागत आलेल्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले. मारणारे आणि मरणारे, दोघांच्या धर्मात काही फरक नव्हता. फक्त भीती घालायची असते. ती पुढे कुणावर कोसळेल, हे घालणाऱ्याच्याही हातात राहत नाही. ज्या जिल्ह्यात हे घडले, तिथे येऊन ‘सेफ’ हा शब्द घोषणेत वापरताना कुणाची जीभ अडखळली नाही.

आणि धर्मयुद्ध! 1932 साली विनोबा आमच्या धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी ते कैद्यांना गीता सांगत आणि साने गुरुजी ती उतरवून घेत. त्या श्रोत्यांत चोर-दरोडेखोरही होते म्हणतात. मीही रोज गीतेचा एक अध्याय वाचते, त्यामुळे माझ्या दारात येऊन मला कुणी धर्म शिकवू नये. बाराव्या अध्यायातले ‘अद्वेष्टा सर्वभूतानाम्’ कुठल्याच प्रचाराच्या गाडीवरून ऐकू येत नाही, एवढीच तक्रार.

कायद्याचे म्हणाल तर धर्माच्या नावाने मत मागणे हा 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 खाली भ्रष्ट आचार आहे. 1987 च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतल्या भाषणांपायी बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला होता. आता असे काही होईल असे मला वाटत नाही.

रेवडीचाही उल्लेख करायला हवा. ‘रेवडी संस्कृती’, म्हणजे मतांसाठी फुकट वाटप, देशाला घातक, हे पंतप्रधानांनी जुलै 2022 मध्ये सांगितले तेव्हा मला पटले नव्हते. गरीब बाईच्या हातात पैसा गेला तर तिची घरात पत वाढते, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. म्हणून लाडक्या बहिणींच्या 1,500 रुपयांना माझा विरोध नाही. आता 2,100 म्हणतात, तेही द्या. आघाडीवाले 3,000 म्हणतात. ते कुठून आणणार, हा प्रश्न मी त्यांनाही विचारणारच. पण दोन वर्षांपूर्वी आम्ही चुकीचे बोललो होतो, एवढे एक वाक्य सत्ताधाऱ्यांनी म्हणायला काय हरकत होती? (माझे वय 67. या योजनेत बहीणपण 65 ला संपते.)

पोरगा माझ्यासाठी ठेवून गेलेली चिठ्ठी टीव्हीशेजारी आहे. तिच्या पाठीमागे मी सहा मतदारसंघांचे दोन्ही वर्षांचे गणित मांडून ठेवले आहे. प्रचार 18 ला संपतो. त्याआधी तो पुन्हा गल्लीत आला तर त्याला बसवून, चहा देऊन ते सोडवायला लावणार आहे. आला नाही तर 20 तारखेला केंद्राबाहेरच्या टेबलावर सापडेलच. हिशेबाने त्याच दिवशी आमच्याकडे पाण्याची पाळी आहे. पाणी भरून झाले की मी मतदानाला जाईन.

— एक निवृत्त शिक्षिका, देवपूर, धुळे