बूस्ट गेज नीट जोडून देणाऱ्या दोघांचे आभार

डिझेल गाडीत बूस्ट गेज (टर्बो इंजिनात ढकलत असलेल्या हवेचा दाब दाखवणारे मीटर) मी हौसेने स्वतःच बसवले, आणि चावी काढल्यावरही ते चालूच राहिल्याने दोन दिवसांत बॅटरी उतरली. हातातले काम बाजूला ठेवून भर उन्हात मदतीला आलेल्या त्या दोन वायरमन बंधूंचे मनःपूर्वक आभार. टेस्ट लॅम्प लावून त्यांनी दाखवले की लाल तार मी कायम 12 व्होल्ट असणाऱ्या फ्यूजवर घेतली होती. ती चावी फिरवल्यावरच वीज मिळणाऱ्या फ्यूजवर आणली आणि काळ्या तारेखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून अर्थिंग पक्के केले. आयडलिंगला, म्हणजे इंजिन नुसते चालू ठेवल्यावर, काटा शून्यापाशी राहणे हा बिघाड नव्हे, कारण पेट्रोल इंजिनासारखा व्हॅक्यूम डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) सहसा तयार होत नाही, हेही त्यांनीच समजावले. पैसे त्यांनी घेतले नाहीतच. उलट चहाही त्यांनीच पाजला.