दावणीला नवं जनावर

चि. राधा हिस अण्णांचे अनेक आशीर्वाद.

इकडं सगळे खुशाल आहोत. सोयाबीन उगवून वर आलंय, पण आठ दिवस झाले उघडीप आहे. परवा फोनवर तू म्हणालीस, "अण्णा, आणखी तीन घेणार आहे," तेव्हा मी नुसतं हं हं केलं. आखाड्यावर रेंज तुटत होती. म्हणून लिहायला बसलो.

तुझ्याकडं सात टॅरंटुला, म्हणजे ते मोठे केसाळ कोळी, आहेत, आता दहा होतील. मायच्या अंगावर अजून काटा येतो, माझ्या येत नाही. तू पहिलीत असशील. मिरगाचा पाऊस पडला की धुऱ्यावर उकिडवी बसून ते लाल मखमली किडे वेचायचीस, काडेपेटीत ओली माती घालून ठेवायचीस. एकदा मला हाताला धरून ओढत नेलंस, "अण्णा, मोजा, ह्याला आठ पाय आहेत." जन्म सगळा रानात गेला, मी कधी मोजले नव्हते. आठ पायांचा म्हणजे तो कोळ्याच्याच गोतातला, हे पुढं तूच शिकून सांगितलंस.

तर नव्या तिघांबद्दल. त्यांना पहिल्या दिवसापासून जुन्यांच्या कपाटात ठेवू नकोस. एका डब्यात एकच कोळी, नाहीतर एक दुसऱ्याला खातो, हे तू सांगितलंयस. माझं म्हणणं खोलीच वेगळी असू दे. तांबूची आठवण असेल तुला. हाळी हंडरगुळीच्या बाजारातून मी देवणी गोऱ्हा आणला होता. दात बघितले, खांदा बघितला, चालवून बघितला, आणि अंधार पडला म्हणून त्याच रात्री दावणीला बांधला. पाचव्या दिवशी त्याच्या तोंडाला लाळ, खुरात जखमा. लाळ्या-खुरकूत सगळ्या गोठ्यात फिरलं. मोठी जनावरं वाचली, तांबू वासरू गेलं. तू त्याच्या मानेला मिठी मारून बसली होतीस, उठत नव्हतीस. तो दोष माझा होता. आठ-पंधरा दिवस गोऱ्हा लिंबाखाली वेगळा बांधला असता तर कळलं असतं. तुझ्या कोळ्यांना खुरकूत होत नाही, पण गोचिडासारखे बारीक किडे डब्यातून डब्यात जातात आणि रानातून धरून आणलेल्या कोळ्याच्या पोटात जंत निघतात, हे तूच सांगितलंस. महिनाभर तरी वेगळे ठेव. चिमटा वेगळा, पाण्याची वाटी वेगळी, आणि आधी जुन्यांचं करून मग नव्यांकडं जा.

दुसरं, नव्या तिघांतला तो गुटीचा निळा कोळी. तू फोटो पाठवलास तो मी चष्मा लावून, मोठा करून कितीदा पाहिला. मोराच्या मानेचा रंग, पायावर पिवळे पट्टे. १८९९ मध्ये पोकॉक नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानं त्याला नाव दिलं. आंध्रातल्या गुटी गावच्या रेल्वे लाकूडवखारीत सापडला, नंतर शंभर वर्षं कुणाला दिसला नाही, आणि २००१ मध्ये नंद्याळ-गिद्दलूरच्या जंगलात पुन्हा भेटला. उदगीरहून सकाळी निघालं तर संध्याकाळपर्यंत पोचावं एवढंच अंतर. त्याचं रान अगदी थोडं, आणि त्यातलीही झाडं सरपणाला तुटायलीत. एवढ्याशा घरातून कुणी चोरून उचललेला तर तुझ्याकडं येत नाही ना? विकणाऱ्याला विचार, पिल्लू कुणाकडं, कोणत्या साली निघालं. २०१९ पासून त्याचा आणि त्याच्या जवळच्या जातभाईंचा देशोदेशीचा व्यापार सायटीस, म्हणजे दुर्मीळ जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली आलाय, तेव्हा देशाबाहेरून आला असेल तर कागद असायलाच पाहिजे. कागद नसेल तर कितीही स्वस्त असो, घेऊ नकोस. एवढं माझं ऐक.

आणि तो तुझ्या लाल गुडघ्याच्या मेक्सिकन कोळ्याच्या मादीसारखा गरीब नाही. ती चिडली तर पोटावरचे केस उडवते, खाज सुटते, संपलं. ह्याच्याजवळ केस नाहीत. तो पळतो, आणि अडला तर चावतो. चावला तर अंगात पेटके येतात म्हणतेस. रात्री कामावरून दमून आल्यावर त्याचा डबा उघडू नकोस. सकाळी उघड.

तू सव्वीसची आहेस. लाल गुडघ्याची मादी वीस वर्षांच्या पुढं जगते म्हणतेस, म्हणजे तू पंचेचाळीसची होशील तेव्हाही ती असेल. नर मात्र वयात आला की फार दिवसांचा नाही. आपल्याकडं बैल म्हातारा झाला म्हणून विकला नाही, हे तू पाहिलंयस. दहापैकी प्रत्येकाला म्हातारपणापर्यंत सांभाळायचं आहे असं धरून हिशेब कर. घर बदललंस, गावी महिनाभर आलीस, तर कोण बघणार, ते आत्ताच ठरव.

पिल्लं खाईनात म्हणून घाबरू नकोस. कात टाकायच्या आधी खात नाहीत. पण डब्यात उरलेला रातकिडा तेवढा काढत जा. पाठीवर पडून कात टाकणाऱ्या जिवाला तोच कुरतडतो. नवे दात काळे, टणक होईस्तोवर खायला घालू नकोस.

निळ्यानं कात टाकली की फोटो पाठव. टाकताना दिवा लावून काढू नकोस, झाल्यावर काढ.

तुझे अण्णा