म्हणी अर्थासह छापता, आता प्रसंगासह छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मुलांच्या पानावर एक म्हण, तिचा अर्थ आणि शेवटी ‘बोध’ अशी तीन ओळींची चौकट येते, ती मी आवर्जून वाचतो. उपक्रम चांगला आहे आणि तो बंद पडू नये, हे आधीच सांगून टाकतो. मात्र त्यातील तिसऱ्या ओळीविषयी, म्हणजे बोधाविषयी, थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. कारण या एका ओळीने मुलांचा म्हणींमधला रस कसा निघून जातो, हे शाळेत मराठी शिकवताना मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

मराठी म्हणींची यादी समोर घेऊन बसले, तर सरळ उपदेश करणाऱ्या म्हणी त्यात फार नाहीत हे लवकरच लक्षात येते. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’, ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’, ‘मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये’ अशा काही सांगता येतील. बाकीच्या बहुतेक म्हणी म्हणजे टोमणे, निरीक्षणे, तक्रारी आणि काही तर निव्वळ खोड्या आहेत. ‘बळी तो कान पिळी’ या म्हणीतून कोणता बोध काढायचा? बळवानाने कान पिळावेत असा, की दुबळ्याने ते निमूटपणे पिळून घ्यावेत असा? म्हण यातले काहीच सांगत नाही. जगात काय चालते तेवढे ती बोलून दाखवते आणि गप्प बसते. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ हीदेखील त्याच जातीची. अशा म्हणीखाली ‘म्हणून नेहमी बलवान बनावे’ असे छापले, की ज्या माणसाने अन्याय सोसून चिडून हे वाक्य प्रथम उच्चारले असेल, त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होतो.

म्हणीचे शहाणपण तिच्या शब्दांत जेवढे असते, त्याहून अधिक ती कोण, कोणाला आणि कोणत्या वेळी ऐकवतो यात असते. ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ हे उदाहरण घेऊ. मार्गदर्शक पुस्तकांत याचा अर्थ ‘मूळ हेतू लपवणे’ एवढाच दिलेला असतो आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतात. पण ज्या घरी दुभते असे तेथे घुसळण झाल्यावर उरलेले ताक शेजारीपाजारी वाटण्याची रीत होती, ते विकत घ्यावे लागत नसे आणि तरीही मागायला संकोच वाटे, हे सांगितल्याशिवाय त्यातली गंमत कळत नाही. भांडे पदराखाली धरून आलेली शेजारीण ओट्यावर टेकते, पोराबाळांची चौकशी करते, पावसापाण्याचे बोलते आणि उठायचे नाव घेत नाही. घरातल्या बाईला ती कशाला आली आहे हे ती दारात आली तेव्हाच कळलेले असते. अशा वेळी हे वाक्य थट्टेने उच्चारले जाई आणि त्याबरोबर भांडे भरूनही दिले जाई. लपवाछपवीची निंदा त्यात आहे, पण मागायला आलेल्याला अवघडू देऊ नये हेही त्यातच आहे. एका ओळीच्या अर्थात यातला अर्धा भाग गळून जातो.

‘घरोघरी मातीच्या चुली’चेही तसेच आहे. घरात भाऊबंदकी झालेली, सून रुसून माहेरी गेलेली, कुणीतरी डोळ्यांत पाणी आणून घडले ते सांगत असते, आणि ऐकणारी म्हातारी दुसरा कोणताही सल्ला न देता एवढेच म्हणते. त्या क्षणी तो आधार असतो. तीच म्हण कार्यालयातल्या लाचखोरीबद्दल बोलताना कुणी ऐकवली, तर ती निलाजरी पळवाट ठरते. दोन्ही ठिकाणी शब्द तेच आणि अर्थही तोच. फरक ओळखायचा तो वेळेचा, आणि म्हणींकडून शिकण्यासारखे काही असेल तर ते हेच आहे, असे मला वाटते.

एकमेकींना छेद देणाऱ्या म्हणींची अडचणही यामुळेच सुटते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणणाऱ्या समाजानेच ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ असेही म्हणून ठेवले आहे. ‘पाचामुखी परमेश्वर’ खरे मानायचे, की ‘बारभाईची शेती’ बुडते ते? वर्गात एखादा चुणचुणीत मुलगा हा प्रश्न विचारतोच, आणि त्याला उद्धट म्हणून खाली बसवण्यात येते. वास्तविक त्याने नेमक्या जागी बोट ठेवलेले असते. म्हणी एकत्र केल्या तर त्यांचे नीतिशास्त्र होत नाही. पेटीतल्या हत्यारांसारख्या त्या वेगवेगळ्या कामांसाठी असतात.

म्हणीला मर्यादा असते हे शिकवणेही तितकेच महत्त्वाचे आहे. ‘शितावरून भाताची परीक्षा’ करणारी बाई पातेल्यावरचे झाकण काढते, पळीने एक शीत उचलते, अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबते आणि आत कणी लागते का ते पाहते. ही परीक्षा बिनचूक ठरते, कारण सगळे तांदूळ एकाच वाणाचे, एकाच वेळी, एकाच पाण्यात शिजायला घातलेले असतात. हेच माप एखाद्या माणसावरून त्याचे अख्खे गाव किंवा अख्खी जात तोलायला लावले, की म्हण खोटी पडते. तो दोष म्हणीचा नसून ती वापरणाऱ्याचा असतो. पावसाच्या नक्षत्रांच्या म्हणींचेही असेच आहे. ‘न पडतील उत्तरा, तर भात मिळेना पितरा’ यात सप्टेंबरच्या उत्तरार्धात, भात पोटरीत किंवा निसवायच्या बेतात, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या सुमारास असताना पावसाने दडी मारली तर काय होते, याचा भात पिकवणाऱ्या मुलखाचा अनुभव आहे. ‘पडतील स्वाती, तर पिकतील माणिकमोती’ ही म्हण मात्र ऑक्टोबरच्या अखेरच्या पावसावर रब्बीची ज्वारी तरारते, त्या कोरडवाहू रानात शोभते. ज्याचे सोयाबीन कापून शेतात पडले आहे किंवा ज्याची कपाशी वेचणीला आली आहे, त्याच्यापुढे ती म्हणून पाहावी! पीक बदलले, तेव्हा स्वातीच्या पावसाचा अर्थही त्याच्यापुरता बदलला.

काही म्हणींना केवळ एखादी टीप लागते. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले आणि आणे हळूहळू व्यवहारातून गेले. ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ म्हणताना चार आणि बारा मिळून सोळा आणे, म्हणजे बरोब्बर एक रुपया होतो, हा हिशेब ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप होत असे. आजच्या मुलाला तो सांगावा लागेल. सांगितला की त्यालाही हसू येते, हा अनुभव आहे.

आता एक अप्रिय भाग. ‘पायीची वहाण पायीच बरी’ हीदेखील आपलीच म्हण आहे, आणि ती कोणाकोणाला त्यांची पायरी दाखवण्यासाठी वापरली गेली हे वेगळे सांगायला नको. विशिष्ट जातींना, विधवांना, अपंगांना टोचणाऱ्या म्हणींनी जुने संग्रह भरलेले आहेत. त्या कोशांतून काढून टाकाव्यात असे मी म्हणणार नाही. दाते आणि कर्वे यांच्या वाक्संप्रदाय कोशासारखी कामे समाज जसा बोलत होता तसा नोंदवून ठेवतात आणि अभ्यासकाला ते सगळेच हवे असते. पण ‘पूर्वजांचे शहाणपण’ या ठशाखाली त्यांना मुलांच्या पानावर जागा मिळू नये. जुने ते सगळे सोने असे मानणाऱ्यांशी माझे येथे पटत नाही. म्हणी माणसांनीच केल्या, तेव्हा माणसांचा क्षुद्रपणाही त्यांत उतरणारच.

नवी पिढी म्हणी विसरली, ही ओरड मात्र मला फारशी पटत नाही. मदत उशिरा पोहोचली की ‘वरातीमागून घोडे’ आणि काम शेवटच्या टप्प्यावर अडले की ‘हत्ती गेला, शेपूट राहिले’ हे आपल्याच मथळ्यांतून वाचायला मिळते. खेळात हरलेल्या मित्राला ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ असे शाळकरी पोरेही ऐकवतात, आणि अगदी नेमक्या वेळी ऐकवतात. त्यांना म्हण वापरता येते. कंटाळा येतो तो तिच्याखालच्या बोधाचा.

म्हणून विनंती अशी की, चौकटीतील ‘बोध’ काढून त्या जागी दोन-तीन वाक्यांत प्रसंग द्यावा: ही म्हण कोण कोणाला म्हणतो, कोणत्या वेळी म्हणतो आणि कोणत्या वेळी म्हणू नये. अधूनमधून दोन विरोधी म्हणी शेजारी शेजारी छापून मुलांनाच त्यांचे प्रसंग लिहून पाठवायला सांगावे. वाचकांकडूनही म्हणी मागवाव्यात, पण त्यासोबत ती कोणत्या भागात ऐकली आणि बोलणाऱ्याने ती कशावरून काढली, हे लिहिण्याची अट घालावी. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या घरांतून येणाऱ्या म्हणी प्रमाण भाषेत न बदलता, जशा बोलल्या जातात तशाच छापाव्यात आणि अवघड शब्दांचा अर्थ खाली द्यावा. चौकट तीन ओळींऐवजी दहा ओळींची होईल, आणि तेवढी जागा त्याच पानावरच्या राशिभविष्यातून सहज निघू शकेल.

आपला नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षक