कारंज्याला निधी, कडीला नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बागा आणि क्रीडांगणांच्या सुधारणेसाठी स्थानिक समितीने मंजूर केलेल्या कामांची यादी आपल्या दैनिकात वाचली. नवी खेळणी, खुली व्यायामशाळा, प्रवेशद्वाराची कमान, रंगीत कारंजे, चालण्याच्या पट्ट्यावर नवे दिवे. जे जे नव्याने बसवता येईल ते सगळे यादीत आहे. आधी बसवलेल्याचे पुढे काय, यावर मात्र अवाक्षर नाही.

दोष एकट्या समितीचा आहे असे मी म्हणणार नाही. अशा कामांसाठी येणारा पैसा बहुतेक वेळा भांडवली (म्हणजे नवे काही उभारण्याच्या) खर्चाच्या नावाने येतो आणि तो देखभालीकडे सहजासहजी वळवता येत नाही. देखभाल भागवायची ती महसुली, म्हणजे रोजच्या चालू खर्चातून, आणि काटकसरीची वेळ आली की कात्री आधी तिथेच लागते. शिवाय कारंज्याची फीत कापता येते; झोपाळ्याची झिजलेली कडी बदलली म्हणून कोण समारंभ करणार? (आणि केलाच, तर आपण त्याचा फोटो छापाल का, हेही विचारून ठेवतो.)

पण त्या कडीचे आणि तिच्या खालच्या जमिनीचे महत्त्व यादी करणाऱ्यांनी एकदा उभे राहून पाहावे. झोपाळ्याखाली वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरतात तो शोभेसाठी नव्हे. पडणाऱ्या मुलाच्या डोक्याला बसणारा मार त्या थराने झेलायचा असतो. साधारण फूटभर जाडीचा तो थर मुलांच्या पायांनी रोज थोडाथोडा बाजूला उडतो, उरलेला दाबला जाऊन घट्ट होतो. काही महिन्यांत झोपाळ्याखाली बशीसारखा खड्डा पडतो, तळाची कडक जमीन उघडी होते आणि पाऊस झाला की तिथे डबके साचते. मग कोणीतरी शहाणा माणूस झोपाळ्याची साखळी वरच्या दांड्याला गुंडाळून ठेवतो, म्हणजे कोणी बसायला नको. कागदोपत्री झोपाळा जागेवर असतो. लागते काय, तर दाताळ्याने वाळू परत ओढून घेणारा एक माणूस आणि अधूनमधून नवी वाळू. पण ‘वाळू ओढणे’ या नावाचे काम कोणत्याही मंजुरीच्या कागदावर मी आजवर पाहिलेले नाही.

हे काही नवे ज्ञान नाही. खेळण्यांच्या सुरक्षिततेचे युरोपीय मानक, ई एन ११७६, खेळणे कसे बांधावे आणि मूल किती उंचीवरून पडू शकते (३ मीटरच्या वर नाही) एवढेच सांगून थांबत नाही. बसवल्यानंतरच्या तपासणीचाही त्यात वेगळा भाग आहे: नेहमीची नजरेची पाहणी, दर १ ते ३ महिन्यांनी झीज आणि हालचाल तपासणे, आणि वर्षातून एकदा पाया-सांध्यांसकट सगळे पाहणे. म्हणजे खेळणे घेतले की त्याच्यामागे तपासणीचा खर्चही घेतला, असा त्याचा सरळ अर्थ. आपल्या समितीने फक्त पहिली निम्मी गोष्ट घेतली आहे. खुल्या व्यायामशाळेचेही तेच होणार. बेअरिंगला वंगण मिळाले नाही की ती यंत्रे आधी कुरकुरतात, मग अडकतात, आणि शेवटी त्यांवर लोक पिशव्या अडकवतात.

माझी मागणी एकच आहे. मंजूर होणाऱ्या प्रत्येक कामापुढे दोन रकाने वाढवावेत: पुढच्या ५ वर्षांची देखभाल किती लागेल, आणि ती कोणत्या खात्यातून येईल. दुसरा रकाना रिकामा राहिला तर ते काम त्या वर्षी मंजूर करू नये. यामुळे यादी निम्म्यावर येईल. येऊ दे.

मग निम्म्यात काय ठेवायचे, हा प्रश्न उरतो. आज तो बैठकीला कोण आले आणि कोण मोठ्याने बोलले यावर सुटतो. सकाळी फिरायला येणाऱ्यांची संघटना असते, क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना वाली असतो. जे बागेत येतच नाहीत त्यांच्या वतीने बोलणार कोण? व्हिएन्नात नव्वदच्या दशकात पाहणी झाली, तेव्हा वयाच्या साधारण नवव्या वर्षानंतर मुली सार्वजनिक बागांतून दिसेनाशा होतात, मुलगे मात्र येत राहतात, असे आढळले. मोकळ्या जागेवर मुलगे आधी ताबा घेत आणि मुली तिथे जागेसाठी भांडत बसत नसत. त्यानंतर १९९९पासून तिथल्या दोन बागांची रचना बदलली: जादा पायवाटा, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय, एका मोठ्या मैदानाचे छोटे भाग. मुली परत येऊ लागल्या. यात कमान नाही, कारंजे नाही. बागेत कोण दिसत नाही हे आधी कोणीतरी मोजले, एवढेच.

लोकांना विचारायचे तर त्यालाही फार थाट लागत नाही. ॲम्स्टरडॅममध्ये १९४७ ते १९७८ या काळात ७००च्या वर खेळाच्या जागा झाल्या, आणि त्यांतल्या अनेक रहिवाशांनी ‘आमच्या गल्लीलाही एक हवी’ असे पत्र पालिकेला लिहिल्यामुळे झाल्या. खेळणी साधी: वाळूचा हौद, लोखंडी कमानी, उड्या मारायचे दगड. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९पासून अंदाजपत्रकाचा काही भाग थेट वस्तीसभांत ठरवायला सुरुवात केली. तिथे मागणीला नुसता आवाज पुरत नसे. वस्तीची लोकसंख्या आणि सोयींची उणीव यांना गुण असत आणि ते सगळ्यांना आधी माहीत असत. आपल्या समितीनेही गुण कसे दिले ते सांगावे. नुसती मंजूर कामे छापून भागणार नाही. नाकारलेल्या कामांची यादीही कारणासकट आपल्या दैनिकाकडे यायला हवी. ती आली तर आपण छापालच, असे धरून चालतो.

समितीची पुढची बैठक कामाच्या दिवशी भर दुपारी ठेवू नये, ही त्यातल्या त्यात बिनखर्चाची सुधारणा. आणि बैठकीपूर्वी सभासदांनी एका बागेत जाऊन झोपाळ्याखाली हाताची वीत लावून बघावी.

आपला,
एक वाचक