बॅगेवरचा मोठा आकडा बघून भुलू नकोस

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

तंबूतल्या दोन रात्रींसाठी तू बघितलेल्या दोन्ही स्लीपिंग बॅगांचे फोटो मिळाले. लाल बॅगेवर ठळक उणे 15 लिहिलंय, निळीवर उणे 6, म्हणून तुझा ओढा लालकडे आहे. सई, तू निळी घे. दोन्हींत जास्त उबदार निळीच आहे, आणि ते आतल्या लेबलवर बारीक अक्षरांत छापलेलंही आहे.

तू पाठवलेला लेबलचा फोटो मोठा करून बघ. लालवर कम्फर्ट 5, लिमिट 0, एक्स्ट्रीम उणे 15. निळीवर कम्फर्ट 0, लिमिट उणे 6, एक्स्ट्रीम उणे 23. लाल बॅगवाल्यांनी शेवटचा आकडा उचलून पिशवीवर मोठा केला, निळीवाल्यांनी मधला. तुलना करायची तर कम्फर्टची कम्फर्टशीच करायची.

हे आकडे अंदाजाने टाकलेले नसतात. 2002 मध्ये युरोपात यासाठी ईएन 13537 हे मानक आलं, आता त्याची जागा आयएसओ 23537 ने घेतली आहे. तापवता येणारा, जागोजागी सेन्सर बसवलेला माणसाच्या आकाराचा पुतळा बॅगेत घालून थंड खोलीत ठेवतात. त्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचे आतले कपडे आणि पायमोजे असतात, खाली मॅट असते. त्यावरून कम्फर्ट ठरतं ते एका प्रमाण स्त्रीसाठी, अंग सैल सोडून आरामात झोपता येईल असं तापमान. लिमिट ठरतं प्रमाण पुरुषासाठी, अंग आखडून घेऊन आठ तास निभतील असं. आणि एक्स्ट्रीम म्हणजे त्या स्त्रीचा सहा तास जीव वाचेल एवढंच. हातपाय हिमबाधेने जायचा धोका तेव्हाही असतोच. जीव कसाबसा तगण्याचा आकडा पिशवीवर मिरवावा याचा मला खरंच राग येतो. नवखं कोणी त्यावर विसंबलं तर काय होईल?

तुला तर पहिल्यापासून थंडी सोसत नाही. रात्री पाय बर्फासारखे गार पडतात आणि मग झोप लागत नाही. त्यामुळे तुझ्यासाठी कम्फर्ट सोडून बाकीचे आकडे नाहीतच असं धर, आणि तोही अपेक्षित थंडीपेक्षा चार-पाच अंश खालचा मिळाला तर उत्तम. गरम झालं तर चेन उघडता येते. थंडी वाजली तर पहाटे तीन वाजता दुसरी बॅग कुठून आणणार?

शरदातल्या रात्रीबद्दल थोडं सांगतो, कारण याच ऋतूत माणूस गाफील राहतो. दुपारी एका शर्टावर फिरता येतं आणि वाटतं, रात्र काय असून असून किती गार असेल. पण आकाश निरभ्र असलं की जमिनीने दिवसभर साठवलेली ऊब थेट वर निघून जाते, अडवायला ढग नसतात. शरदसंपातानंतर रात्र दिवसापेक्षा मोठी होत जाते, म्हणजे निवायला वेळही जास्त. सगळ्यात गार वेळ मध्यरात्रीची नसते, ती सूर्योदयाच्या आसपासची. बॅग त्या तासासाठी निवडायची.

तू हवामानाचा अंदाज पाहिलास, किमान 4 अंश. पण तो पायथ्याच्या गावाचा आहे आणि तुमचा तळ त्याहून सहाशे मीटर वर आहे. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशोबाने तिथे शून्याच्या आसपास जाईल. हा हिशोब ढोबळ आहे. वारा पडलेल्या स्वच्छ रात्री गार हवा जड होऊन उताराने खाली सरकते आणि खोलगट जागेत साचते, तेव्हा कधीकधी उतारापेक्षा खालची दरीच जास्त गारठते. तंबू ओढ्याकाठच्या खळग्यात लावू नका, थोडं वर चढून सपाट जागा बघा. दवही कमी पडेल.

आता आतलं भरण. लाल बॅग सिंथेटिक आहे, निळी डाऊनची, म्हणजे बदकांच्या किंवा हंसांच्या अंगालगतच्या मऊ पिसांची. तेवढ्याच वजनात डाऊन जास्त ऊब देतं आणि दाबून लहान होतं, पण ओलं झालं की त्याचा फुगारा बसतो आणि ऊब जाते. सिंथेटिक ओलं झालं तरी थोडीफार ऊब धरून ठेवतं आणि लवकर वाळतं. सलग चार दिवस पावसात राहायचं असतं तर मीच तुला सिंथेटिक घे म्हटलं असतं. तुमच्या दोन कोरड्या रात्रींना डाऊन चांगलं, फक्त सॅकमध्ये ती बॅग पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेव.

निळीवर 700 फिल पॉवर लिहिलंय. एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम, पिसं फुगून किती घनइंच जागा व्यापतात ते हा आकडा सांगतो. पण तो पिसांचा दर्जा झाला. पिसं भरली किती, ते ग्रॅममध्ये वेगळं लिहिलेलं असतं आणि तेही बघायचं. 850 ची मूठभर पिसं घातलेली बॅग 700 च्या भरगच्च बॅगेपेक्षा थंडच असणार. शिवाय लेबलवर रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्डचा शिक्का आहे का पाहा. 2014 मध्ये आलेल्या या मानकात जिवंत पक्ष्यांची पिसं उपटायला बंदी आहे. तुला ते महत्त्वाचं वाटेल, मलाही वाटतं.

दुकानात गेलीस की बॅग पूर्ण उलगडायला सांग आणि उजेडासमोर धर. पिसांचे कप्पे दिसतील. शिवणीजवळ उजेड आरपार आला तर समज की वरचं-खालचं कापड थेट एकत्र शिवलंय आणि त्या रेषेवर पिसं नाहीत. थंडी तिथूनच शिरते. चांगल्या बॅगेत दोन कापडांमध्ये उभी पट्टी असते, त्यामुळे शिवणीवरही पिसं राहतात. मग चेन बघ. तिच्या आतल्या बाजूने पिसं भरलेली लांब नळी हवी, आणि ती चेनच्या दातांत अडकता कामा नये. चार वेळा वरखाली करून बघ, घाई न करता. त्यानंतर आत शिर, हुड ओढून घे, कुशीवर वळ. पावलं टोकाला टेकून भरण दबत असेल तर लांब माप माग, कारण दबलेल्या भरणात हवा नसते आणि हवेवाचून ऊब नाही. फार ढगळही नको, ती सगळी रिकामी जागा तुझ्याच अंगाने तापवावी लागते. खांद्यापाशी ओढून घेता येईल अशी कॉलर असली तर सोन्याहून पिवळं.

याच कारणाने बॅगेखालची मॅट बॅगेइतकीच महत्त्वाची आहे. तुझ्या वजनाने पाठीखालची पिसं चपटी होतात आणि ती बाजू जवळजवळ उघडीच पडते. जमीन तिथून रात्रभर ऊब ओढत राहते. मॅटवर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते, म्हणजे मॅट ऊब किती अडवून धरते त्याचा आकडा; जितका मोठा तितका चांगला. शून्याच्या आसपासच्या रात्रीला ती निदान 3, जमलं तर 4 घे. तुझ्याकडची पातळ फोमची मॅट एकटी पुरणार नाही, पण टाकून देऊ नकोस. हवेच्या मॅटखाली ती घातली की दोन्हींच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. पैसे कमी पडत असतील तर बॅग थोडी जड चालेल, मॅटमध्ये काटकसर नको.

झोपताना अंगात दिवसभर घामेजलेले कपडे नकोत, कोरडा जोड वेगळा काढून ठेव. टोपी आणि लोकरी मोजे घाल. मात्र जाड जॅकेट घालून बॅगेत कोंबून घेऊ नकोस, ते आतून पिसं दाबतं; वरून पांघर. नाक-तोंड बॅगेच्या बाहेर ठेव, श्वासातली वाफ आत गेली तर पहाटेपर्यंत पिसं दमट होतात. तंबूची जाळीही थोडी उघडी असू दे.

आणि एक गोष्ट मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी ऐकायची नाही. ऊब म्हणून तंबूत स्टोव्ह किंवा निखारे ठेवायचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला जागसुद्धा येत नाही. तुझ्या मैत्रिणींनाही हे सांग, माझं नाव घेऊन सांग.

परत आल्यावर बॅग उन्हात नको, सावलीत वाऱ्यावर पसर. पूर्ण वाळली की त्या घट्ट छोट्या पिशवीत न भरता मोठ्या सुती पिशवीत सैल ठेव, नाहीतर पिसं कायमची बसतात.

निघण्याआधी एक रात्र गच्चीवर याच बॅगेत आणि याच मॅटवर झोपून बघ. पाठीला किंवा पायाला गार लागलं तर कुठे ते मला लगेच फोन करून सांग, बदलायला अजून वेळ आहे.

तुझे,
बाबा