मिल्यास पत्र: माथेरानचे लॉज, बंगले आणि बाजारातली दुकानं

प्रिय मिल्या,

स. न. वि. वि. (हे उगाच, शाळेतल्या पत्रलेखनाची आठवण म्हणून.)

पोरांना घेऊन मे महिन्यात माथेरानला यायचंय, एखादं जुनं, इतिहास असलेलं हॉटेल सुचव, आणि दोन ओळीत सांग असं तू म्हणलास. दोन ओळीत होत नाही रे ते. मी पायथ्याच्या नेरळचा, मामाचं वरती माथेरानच्या बाजारात किराण्याचं दुकान, शाळेच्या सगळ्या सुट्ट्या त्या गल्ल्यामागे पोत्यांवर बसून काढलेल्या, त्यामुळे मला कोणी "माथेरानचा इतिहास" म्हणलं की माझं डोकं बंगल्यांकडे जातच नाही, दुकानाकडे जातं. तरी तुला हॉटेल पाहिजे म्हणून आधी बंगल्यांचं उरकतो.

तर साहेबांची गोष्ट अशी. 1850 च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट खाली चौक गावात मुक्कामाला होता, तिथनं तो वन ट्री हिलच्या बाजूने वर चढला, हिंडला आणि रामबागच्या अंगाने उतरला. त्याला "माथेरानचा शोध" म्हणतात, जसं काही वरच्या ठाकर, धनगर, कातकरी लोकांना आपण कुठे राहतोय ते माहीतच नव्हतं. पण एक खरं, की गाव म्हणून जे काही झालं ते त्याच्यानंतर. त्याने वर घर बांधलं, तेच बायक. आजही त्या नावाने हॉटेल चालू आहे. मग गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला, एल्फिन्स्टन लॉज झालं, आणि गव्हर्नर येतो म्हणल्यावर बाकी साहेब लोक रांगेत उभे. कॅप्टन बारचं बार हाऊस त्याच काळातलं, ते पण आता हेरिटेज हॉटेल झालंय, मोठ्ठा व्हरांडा, उंच छत, आरामखुर्च्या, तुझ्या बायकोला आवडेल, तुला रात्री भीती वाटेल. रग्बी हॉटेल आहे. लॉर्ड्स सेंट्रल आहे, ते पारशी घराण्याचं, दरीच्या तोंडावर, जेवायला धनसाक मिळतं आणि मालकांची माणसं जुन्या पद्धतीने विचारपूस करतात. स्टेशनजवळ नौरोजी लॉर्ड गार्डन आहे ना, ती लॉर्ड मंडळी. आपण लहानपणी लॉर्ड म्हणजे इंग्रज समजायचो!

झालं हॉटेलांचं. आता खरं काय ते ऐक.

माझं म्हणणं असं आहे, की माथेरानात कुठलं लॉज चाललं आणि कुठलं बसलं, कुठलं दुकान मोठं झालं आणि कुठल्याला कुलूप लागलं, हे सगळं एकाच गोष्टीवर ठरलं: माणूस आणि माल वर कुठून आणि कशावरून येतो. बाकी हवा, झाडी, पॉइंट हे होतंच आधीपासून. मॅलेट आला तेव्हापण होतं.

बघ हं. मुंबईची रेल्वे 1853 ला ठाण्यापर्यंत, 1854 ला कल्याणपर्यंत आणि 1856 ला पार खोपोलीपर्यंत आली, म्हणजे नेरळला गाडी थांबायला लागली. झालं, चौक आणि रामबागची वाट मागे पडली, नेरळहून घाट तयार झालेला होता त्याला महत्त्व आलं. साहेब घोड्यावर, मडमा डोलीत किंवा खुर्चीत बसून चार माणसांच्या खांद्यावर, आणि त्यांच्या मागे सामान, ट्रंका, भांडी, गाद्या, स्वैपाकी, आया, कुत्री. नेरळहून वर म्हणजे साधारण साडेसातशे मीटरची चढण आहे, ती सगळी माणसाच्या नाहीतर जनावराच्या पाठीवर. आता एवढं करून वर आलेला माणूस दोन दिवसांत परत जाणार का? नाही जात. महिना-दीड महिना राहायचा. म्हणून ते बंगले तसे आहेत, मोठाल्या प्लॉटवर एकेकटे, मागे नोकरांच्या खोल्या, स्वैपाकघर वेगळं, एकमेकांपासून लांब लांब. त्यांना शेजार नको होता, व्हरांडा हवा होता. पुढे पुढे हेच बंगले मुंबईच्या पारशी, बोहरी, गुजराती शेठ लोकांकडे आले आणि वर्षातले दहा महिने बंद राहायला लागले, फक्त माळी तिथे. माळी म्हणजे आपल्याकडे बंगला सांभाळणारा, झाडांना पाणी घालतो की नाही हा वेगळा विषय.

आणि इथे आमचा मामा येतो.

मामाच्या दुकानात दोन वह्या असायच्या, एक गावाची आणि एक बंगल्यांची. बंगल्यांच्या वहीत शेठचं नाव नसायचं, बंगल्याचं नाव असायचं. शेठ बदलला, पोरगा आला, जावई आला, बंगला विकला, तरी खातं तेच. माळी येऊन माल घेऊन जाणार, सही करणार किंवा अंगठा, आणि पैसे सीझन संपताना शेठ खाली जायच्या आदल्या दिवशी. कधी कधी शेठ न सांगता उतरायचा, मग दिवाळीपर्यंत थांबा. मामा म्हणायचा, बंगल्याला उधार दिलेलं बुडत नाही, पण वेळेवर पण येत नाही. त्या वह्या मामीने एका पावसाळ्यात कागद ओलसर झाले म्हणून चुलीत घातल्या, मला अजून हळहळ वाटते, कोण काय खायचं, कुठला बंगला कधी बंद पडला, सगळं त्यात होतं. तुला सांगतो बायकच्या भिंतीवरच्या फोटोंपेक्षा जास्त इतिहास त्या वह्यांत असेल.

आणि आगोट! तू मुंबईचा, तुला आगोट म्हणजे काय ते कळणार नाही. पाऊस सुरू व्हायच्या आधीची बेगमी. खालच्या गावात प्रत्येक घर आपापली आगोट भरतं, वरती मात्र दुकानदाराला सगळ्या गावाची भरावी लागायची. कारण जून लागला की नेरळहून वर येणारी छोटी गाडी (टॉय ट्रेन) बंद, घाटात दरडी, धुकं असं की समोरचं दुकान दिसत नाही, बहुतेक हॉटेलं बंद, पर्यटक नाहीत, म्हणजे गल्ल्यात रोकड नाही, आणि घोडेवाले, हमाल, रिक्षा ओढणारे, माळी, सगळे तर गावातच, त्यांना खायला तर लागणारच. मग तांदूळ, डाळ, सुकी मासळी, रॉकेल, मीठ, सगळं मे महिन्यात भरून ठेवायचं आणि ऑक्टोबरपर्यंत उधारीवर द्यायचं. म्हणजे काय झालं, की मे महिन्यात शेठ लोकांकडून जे येईल त्याच्यावर पावसाळ्यात गाव जगायचं, मधे दुकानदार. वरचा किराणावाला हा निम्मा सावकार असतो आणि निम्मा देवमाणूस, कुठला निम्मा कधी पुढे येईल ते सांगता येत नाही. मामाचं मी बोलत नाही, तो माझा मामा आहे.

मधेच एक सांगतो कारण ते इथेच बसतं. भाई कोतवाल माथेरानचे, माहीत आहे ना? विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, 1 डिसेंबर 1912 चा जन्म, न्हाव्याचं घर. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि खाली कर्जत भागातल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, म्हणजे अडीनडीला धान्य तिथून घ्यायचं, सावकाराच्या दारात जायचं नाही. लोक 1942 चं बोलतात, त्यांचा भूमिगत क्रांतिकारकांचा आझाद दस्ता, विजेचे टॉवर पाडले, 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर हौतात्म्य, ते मोठंच आहे. पण मला नेहमी वाटतं की धान्यकोठी ही कल्पना माथेरानसारख्या गावात वाढलेल्या माणसाला सुचणं किती साहजिक आहे, जिथे पावसाळाभर अख्खं गाव कोणाच्या तरी वहीत नाव लिहून खातं. हा माझा अंदाज, कुठे लिहिलेलं नाही.

बरं, रेल्वे. सर आदमजी पीरभॉय, मुंबईतले बोहरी उद्योगपती, लष्कराला तंबू आणि बूट पुरवून पैसा कमावलेले. त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन, त्याला माथेरानचं भयंकर वेड. त्याने ठरवलं की वर गाडी न्यायची, बापाने पैसे घातले, त्या काळचे 16 लाख रुपये, आणि 1907 साली गाडी सुरू झाली. दोन फुटी रूळ, जवळपास 21 किलोमीटर, चढ कुठे कुठे 20 ला 1, वळणं अशी की शेवटच्या डब्यातल्याला इंजिनवाल्याचा चेहरा दिसतो. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान. वॉटर पाइप हे नाव कारण कोळशाचं इंजिन तिथे पाणी प्यायचं. एक जुनं इंजिन नेरळ स्टेशनबाहेर ठेवलंय, पोरांना दाखव.

सगळे गाडीचं कौतुक करतात पण गाडीने गावाचं काय केलं ते कोणी सांगत नाही. स्टेशन बाजारातच आलं! आधी कुठला बंगला कुठल्या पॉइंटजवळ आहे, गव्हर्नरपासून किती लांब, त्याला भाव होता. आता स्टेशनपासून किती लांब, त्याला आला. महिनाभर राहणारे होतेच, पण चार दिवस येणारे पण यायला लागले, गिरगावातले, दादरचे, भुलेश्वरचे, ज्यांना बंगला नको, खोली आणि दोन वेळचं जेवण पाहिजे. तिथून लॉजिंग-बोर्डिंगचा जमाना. गुजराती जेवण, जैन जेवण, सकाळी नाश्ता, दुपारी थाळी, संध्याकाळी परत थाळी, सगळं धरून एकच दर. ही पद्धत माथेरानात अजून आहे आणि लोकांना वाटतं ही हॉटेलवाल्यांची युक्ती, पण गॅस सिलिंडरपासून कोथिंबिरीपर्यंत सगळं जर खालून येणार असेल तर किती माणसं जेवणार हे आधी कळायला नको? मालाचे डबे पण लागायचे गाडीला, त्यामुळे दुकानांत बिस्किटं, सोडा, काचेचं सामान, असल्या नाजूक वस्तू वाढल्या, घोड्यावर ह्या गोष्टी धड येत नव्हत्या.

चपलांची दुकानं त्याच रस्त्यावर. माथेरानची चामड्याची चप्पल घेतल्याशिवाय कोणी उतरत नाही. का तिथेच एवढी दुकानं, तर माझं साधं गणित आहे, गाडी-मोटार काही नाही, दिवसभर जांभ्याच्या लाल मातीत चालायचं, शहरातून घालून आलेलं पायताण दुसऱ्या दिवशी तोंड वासतं. चिक्की, मध, काठ्या, सगळं मग त्याच्या शेजारी. आणि माकडं. जाळी नसलेलं चिक्कीचं दुकान वरती टिकत नाही.

मग तिसरा फेरा, मोटारीचा. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत रस्ता झाला, टॅक्स्या सुरू झाल्या, गाडीला लागायचे दोन-अडीच तास ते अर्ध्या तासावर आलं. पण दस्तुरीच्या पुढे वाहन बंद. म्हणजे बघ, बाजार आहे तिथेच, पण गावाचा दरवाजा अडीच किलोमीटर लांब गेला. आता माल टेम्पोतून दस्तुरीला उतरतो आणि तिथून परत घोडा, नाहीतर हातगाडी, नाहीतर डोकं. सिमेंट, रेती, विटा सुद्धा! वरती कोणी बाथरूमची फरशी बदलली तरी गावात चर्चा होते. दुकानदाराला माल खालच्या भावाने मिळाला तरी चढवणावळ वेगळी, म्हणून पाण्याची बाटली महाग, तू दुकानदाराशी भांडू नकोस, तुझा स्वभाव मला माहितीये.

26 जुलै 2005 ला रूळ वाहून गेले तेव्हा तर लोक म्हणाले गाडी संपली. 2007 ला परत आली. 2019 च्या पावसात पुन्हा गेली, पूर्ण नेरळपासून परत सुरू व्हायला ऑक्टोबर 2022 उजाडला. मधल्या काळात अमन लॉज ते माथेरान शटल, तिने बाजार जगवला असं मामेभाऊ म्हणतो. 2003 पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, त्यामुळे बांधकामाला मर्यादा, म्हणून जुने बंगले पाडून टॉवर झाले नाहीत, नुसते आतून पार्टिशन घालून खोल्या वाढल्या. काही बंगले मात्र कोर्टकज्जात अडकून कोसळतायत, सागवानी खांब तिरके झालेत, गेटवरचं नाव फक्त शाबूत.

आणि आता ई-रिक्षा. 2022 च्या डिसेंबरात चाचणी म्हणून आल्या, 2025 ला सुप्रीम कोर्टाने हातरिक्षा बंदच करायला सांगितल्या. माणसाने माणूस ओढायचा हे बंद व्हायलाच पाहिजे, त्यात वाद नाही, मला लहानपणीसुद्धा त्यात बसायची लाज वाटायची. घोडेवाले नाराज आहेत, त्यांचं पण पोट आहे. मला कुतूहल वेगळंच आहे, की रिक्षा जिथे थांबेल तिथे आता नवीन दुकानं येणार, आणि लांबच्या पॉइंटवर ज्या हॉटेलांत आत्तापर्यंत दमून कोणी जात नव्हतं त्यांचं नशीब उघडणार. मामेभावाने शटर रंगवून घेतलंय, तो पण हाच हिशोब करतोय.

तर बुकिंगचं: शनिवार-रविवार सोडून ये, सोमवार ते गुरुवार. पोरं लहान आहेत म्हणून बाजाराजवळच बघ. गाडीची तिकिटं नेरळला लवकर संपतात, तू आदल्या रात्री आमच्याकडेच झोपायला ये, आई खूश होईल, पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) मे महिन्यात मिळणार नाही पण आंबे असतील.

अजून एक काम. तुझ्या आत्याकडच्या अल्बममध्ये तुझे आजोबा-आजी माथेरानला गेलेले फोटो आहेत, त्यातल्या एकात ते एका दुकानासमोर उभे आहेत आणि मागे अर्धी पाटी दिसते असं तूच एकदा म्हणाला होतास. तो नीट स्कॅन करून पाठव, मोबाईलने तिरका काढू नकोस. पाटीवरची अक्षरं वाचता आली तर मामीला दाखवतो, तिला जुन्या बाजारातली दुकानं ओळीने पाठ आहेत, आणि फोटोची मागची बाजूसुद्धा पाठव, स्टुडिओचा शिक्का असेल तर.

तुझा,
नंद्या